दुकान आपले, जमीन कोणाची?

मुंबईला नोकरदार पुरवणारे उपनगर, ही मीरा-भाईंदरची रूढ प्रतिमा. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतून फेरफटका मारणाऱ्याला मात्र या शहराची दुसरी ओळख पटते. स्टीलची भांडी दाबणारे, त्यांना पॉलिश करणारे, इमिटेशनचे दागिने घडवणारे असंख्य लहान गाळे येथे आहेत. मिठागरे, भातशेती आणि उत्तनची मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येने आठ लाखांचा आकडा ओलांडला. या वाढीला जी थोडीफार स्वतःची औद्योगिक पाठराखण लाभली, ती या गाळ्यांची आहे. या गाळेधारकांपुढे आज एक नवाच प्रश्न उभा आहे. माल विकायचा कोठे, हा तो प्रश्न नव्हे. तो जुनाच आहे. ज्या यंत्रावर आपले दुकान मांडायचे ते यंत्र कोणाचे, हा नवा प्रश्न आहे.

इंटरनेटवरील बाजारपेठा आल्या तेव्हा लहान उत्पादकाला वाटले की आता घाऊक व्यापाऱ्याची मधली भिंत पडली. १ ऑक्टोबर २०२३पासून वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा न गाठणाऱ्या लहान विक्रेत्यालाही राज्यांतर्गत विक्रीसाठी या बाजारपेठांची दारे उघडली. परंतु भिंत पडली नव्हती, फक्त सरकली होती. दलाली किती, जाहिरातीचा खर्च किती, परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर, शोधयादीत कोणाचे नाव आधी, हे सारे बाजारपेठेच्या मालकाने ठरवायचे आणि उत्पादकाने मान तुकवायची! मग शहाणी माणसे सल्ला देतात, ‘स्वतःचे संकेतस्थळ काढा, स्वतःच्या नावाने विका.’ सल्ला चांगला आहे. तो अमलात आणायला निघालेल्या माणसाला पहिल्याच पायरीवर सर्व्हर आडवा येतो.

सर्व्हरचे नियोजन ही तंत्रज्ञांनी आपसांत मिटवण्याची बाब आहे, असा एक समज आहे. तो खोटा आहे. त्यातील गणित कोणाही भाईंदरकराला समजावे इतके सोपे आहे, कारण तो ते रोज फलाटावर उभा राहून शिकतो. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाड्यांत दिवसभरात सरासरी किती प्रवासी असतात, या आकड्याने सकाळी साडेआठच्या गाडीत चढता येत नाही. तेथे प्रश्न सरासरीचा नसतो, ऐन गर्दीचा असतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. वर्षभर दिवसाला दोनशे ग्राहक येत असतील आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तासाभरात पाच हजार येणार असतील, तर यंत्रणा त्या तासासाठी आखावी लागते. शिवाय रांगेचे गणित सरळ रेषेत वाढत नाही. यंत्र निम्मे गुंतलेले असताना एखाद्या मागणीला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे पाचपट वेळ ते नव्वद टक्के गुंतलेले असताना लागतो. पंचाण्णव टक्क्यांना दहापट. ग्राहक तेवढा थांबत नाही. तो दुसऱ्याच्या दुकानात जातो.

म्हणून जाणता तंत्रज्ञ भार वाटून देतो. पाने दाखवणारे सर्व्हर वेगळे आणि मालाच्या, पैशाच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस वेगळा. पाने दाखवणारे सर्व्हर किमान दोन, म्हणजे एक बंद पडला तरी दुकान उघडे राहील. नोंदींची प्रत निराळ्या इमारतीत, शक्य तर निराळ्या शहरात. आणि ती प्रत खरोखरी परत उभी करता येते की नाही याची तालीम अधूनमधून घ्यायची. न तपासलेली प्रत म्हणजे न उघडलेली छत्री. ‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ हे वचन ऐकायला भव्य वाटते. वर्षाच्या हिशेबात त्याचा अर्थ पावणेनऊ तास दुकान बंद असा होतो. ९९.९९ टक्क्यांचा अर्थ बावन्न मिनिटे. या दोन आकड्यांमधील अंतर भरून काढायला दुप्पट यंत्रे आणि रात्रपाळीची माणसे लागतात.

हे सारे गाळ्यातल्या माळ्यावर मांडता येईल काय? उघडच नाही. अखंड वीज, थंडावा, दोन स्वतंत्र मार्गांनी आलेली तार, पावसाळ्यात पाणी न शिरणारी जागा आणि मध्यरात्री धावून येणारा जाणकार, ही पाच साधने पॉलिशच्या यंत्राशेजारी जमवणे कोणाही लघुउद्योजकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा भाड्याने घेणे ओघानेच आले. ॲमेझॉनने २००६ साली संगणकशक्ती तासाच्या दराने भाड्याने देण्यास सुरुवात केली; जून २०१६मध्ये या सेवेचे मुंबई केंद्र सुरू झाले. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने धूर ओकत होते तेथे, ऐरोली, रबाळे, महापे परिसरात डेटा सेंटरच्या खिडक्याविरहित इमारती उभ्या आहेत. भाड्याच्या या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. दिवाळीच्या चार दिवसांसाठी दहा सर्व्हर घ्यावेत आणि पाचव्या दिवशी परत करावेत, ही सोय लहान माणसाला पूर्वी कधीच नव्हती. यंत्रांना विरोध करून समाजवाद येत नाही.

परंतु सोय कोणाच्या हातात आहे हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. ॲमेझॉन कंपनीचा २०२४ सालचा कामकाजातील नफा ६,८६० कोटी डॉलर होता. त्यांपैकी ३,९८० कोटी डॉलर, म्हणजे निम्म्याहून बराच अधिक भाग, सर्व्हर भाड्याने देण्याच्या व्यवसायातून आला; विक्रीत मात्र या व्यवसायाचा वाटा जेमतेम सहावा होता. जगाला ही कंपनी दुकानदार म्हणून ठाऊक आहे. तिचा खरा नफा जमीनदारीचा आहे. ही कंपनी, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांकडे मिळून जगातील क्लाउड बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक भाग आहे. तेव्हा ॲमेझॉनच्या बाजारपेठेतील दलालीला कंटाळून भाईंदरचा भांडीवाला स्वतःचे संकेतस्थळ काढतो, आणि ते मांडण्यासाठी बहुधा त्याच कंपनीच्या किंवा तिच्या दोन भाऊबंदांपैकी एकाच्या दारात उभा राहतो. बाजारातला गाळा सोडला, पण बाजाराखालची जमीन सुटली नाही.

ही तुलना मीरा-भाईंदरच्या नागरिकाला अलंकारिक वाटण्याचे कारण नाही. १८७०च्या सुमारास इंग्रज सरकारने समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याच्या निमित्ताने येथील गावांच्या जमिनींचा इजारा दिला. त्या इजाऱ्याचा वारसा सांगणाऱ्या एका खासगी कंपनीने पुढे शहरातील हजारो एकरांवर हक्क सांगितला. बांधकामासाठी तिचा ना हरकत दाखला घेण्याचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ धुमसत राहिला. घर आपल्या पैशाचे, श्रम आपले, आणि परवानगी तिसऱ्याची, हा अनुभव या शहराच्या रक्तात आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा महाराष्ट्राने उगाच दिली नव्हती. १९४८च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कुळाला एवढे तरी मिळवून दिले, की मालकाच्या लहरीवर त्याचे बिऱ्हाड उठू नये. सर्व्हरच्या कुळाला असा कोणता कायदा आहे?

त्याची स्थिती तपासून पाहावी. जमीनदार आपली खास अवजारे देतो, म्हणजे स्वतःच्याच घडणीचा डेटाबेस आणि स्वतःच्याच घडणीच्या सेवा. आरंभी ती स्वस्त आणि सुखाची असतात. दोन वर्षांनी दुकान त्या अवजारांभोवती असे वाढलेले असते, की दुसरीकडे जायचे तर सारे नव्याने लिहावे लागते. आपलाच माल, आपलीच ग्राहकयादी बाहेर न्यायची तर प्रत्येक मापामागे शुल्क! युरोपात याविरुद्ध कायदा होऊ घातला तेव्हा कोठे २०२४च्या आरंभी गूगल आणि ॲमेझॉन यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाचे हे शुल्क माफ केले. युरोपीय संघाचा तो कायदा सप्टेंबर २०२५पासून लागू झाला आणि एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाण्याचे शुल्क पूर्णपणे संपवण्यासाठी त्याने जानेवारी २०२७ची मुदत घालून दिली. कंपन्यांची उदारता आणि कायद्याचा धाक यांचे नाते यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावे?

बिऱ्हाड उठवण्याची भीतीही काल्पनिक नाही. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या रशियन भागीदारी असलेल्या, भारतात नोंदलेल्या तेलकंपनीवर निर्बंध घातले. भारतीय कायद्याने कोणताही गुन्हा केलेला नसताना मायक्रोसॉफ्टने तिची टपालसेवा थांबवली; कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा ती पूर्ववत झाली. वाडीनारसारखा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीची ही गत, तर गोडदेवच्या गाळेधारकाने कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या वकिलाच्या बळावर जावे? पुढे २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन नरकचतुर्दशीच्या दुपारी, अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातील ॲमेझॉनच्या केंद्रात नावांचे पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि जगभरातील असंख्य सेवा कित्येक तास अडखळल्या. अशा प्रसंगी करारानुसार मिळते काय? पुढील बिलात काही टक्क्यांची सूट. सणाच्या दिवशी बुडालेला धंदा त्या सुटीत कोठेच मोजला जात नाही. धोका कुळाचा, भाडे मालकाचे!

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: ‘हे असेच असते, एवढी मोठी यंत्रणा खासगी भांडवलाखेरीज कोण उभारणार?’ इतिहास निराळे सांगतो. १९७७ साली जनता सरकारात समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन १९७८ साली आयबीएम कंपनी भारत सोडून गेली, तेव्हा देशातील संगणक आता बंद पडणार अशी ओरड झाली. ते बंद पडले नाहीत. सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसी या संस्थेने त्यांची देखभाल अंगावर घेतली. तिच्याच अभियंत्यांनी रेल्वे आरक्षणाची संगणकीय यंत्रणा रचली आणि १९८५-८६मध्ये ती दिल्लीत चालू केली. देशातील कोणत्याही खासगी दुकानाच्या कितीतरी आधी, लक्षावधी सामान्य प्रवाशांच्या ऐन गर्दीचे गणित सरकारी अभियंत्यांनी सोडवले. हीच परंपरा पुढेही दिसते. आयआरसीटीसीचे संकेतस्थळ मिनिटाला सुमारे दोन हजार तिकिटांपाशी गुदमरत होते; २०१४ साली रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने नवी यंत्रणा उभारून ती क्षमता सात हजार दोनशेपर्यंत नेली. रेल्वेमंत्री असताना मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. त्या गादीमागे जो प्रश्न होता, तोच येथेही आहे. सोय कोणाच्या पाठीला मिळणार? सीएमसीचे पुढे काय झाले, हेही विसरता येत नाही. २००१ साली सरकारने तिची मालकी टाटा समूहाला विकली आणि २०१५ साली ती टीसीएसमध्ये विलीन झाली. जे सार्वजनिक हातांनी शिकले गेले, ते खासगी ताळेबंदात जमा झाले.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, असेही सांगितले जाईल. ओएनडीसी हे खुले व्यापारजाळे उभारण्यासाठी डिसेंबर २०२१मध्ये कंपनी स्थापन झाली. कोणत्याही एका बाजारपेठेच्या मुठीत न जाता विक्रेता आणि ग्राहक यांनी एकमेकांना गाठावे, हा तिचा हेतू स्तुत्य आहे. पण ओएनडीसी रस्ता देते, दुकानाला जागा देत नाही. या जाळ्यात उतरणाऱ्याने आपली यंत्रणा आपणच आणायची असते. रस्ता सार्वजनिक आणि दोहो बाजूंची जमीन तीन जमीनदारांची, अशी स्थिती राहिली तर त्या रस्त्याचा लाभ शेवटी कोणाला होईल, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

दुसरीकडे डेटा सेंटरांना मात्र सार्वजनिक औदार्याचा तोटा नाही. २०२२-२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने त्यांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. महाराष्ट्राच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांच्यासाठी सवलती आहेत. पायाभूत सुविधा हा शब्द येथे नीट तोलून घ्यायला हवा. मीरा-भाईंदरसाठी सूर्या प्रकल्पाचे पाणी आणण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतले. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरच्या त्या योजनेत या शहराचा वाटा २१८ दशलक्ष लिटरचा धरला आहे. प्रत्येक इमारतीने आपले धरण बांधावे, असे कोणी म्हणाले नाही. आणि पाण्याचा दर पाणी विकणाऱ्याने मनाला येईल तसा ठरवावा, असेही नाही. विजेचा दर नियामक आयोगापुढे सुनावणी होऊन ठरतो. मग पायाभूत सुविधेचा दर्जा घेऊन सवलती उपभोगणाऱ्या सर्व्हरच्या व्यवसायाला दरनियमन नाही, सेवेची सक्ती नाही, लहान ग्राहकासाठी राखीव क्षमता नाही, हे कोणत्या न्यायात बसते? हक्क पायाभूत सुविधेचे आणि कर्तव्य खासगी दुकानाचे, हा सौदा जनतेने का मान्य करावा?

केवळ सरकारकडे बोट दाखवूनही भागणार नाही. गाळेधारकांना आजच करता येण्याजोगे बरेच आहे, आणि त्याला महाराष्ट्राच्या मातीतले नाव आहे: सहकार. एका गाळ्याला न परवडणारे सर्व्हर दोनशे गाळ्यांच्या संघाला परवडतात. संघाने स्वतःची इमारत बांधण्याची गरज नाही. चार-सहा यंत्रे विकत घ्यावीत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील चालू केंद्रांत भाड्याच्या कपाटांत, निम्मी एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे, ठेवावीत. त्यांवर लिनक्स, पोस्टग्रेस यांसारखी मुक्त साधने चालवावीत, म्हणजे उद्या जागा बदलायची वेळ आली तर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघता येईल. बारमाही भार स्वतःच्या यंत्रांवर ठेवावा आणि दिवाळीतला वाढीव भार तेवढा तासाच्या दराने भाड्याच्या यंत्रांवर सोडावा. भात स्वतःच्या शेतातला आणि लग्नाच्या पंगतीपुरती भांडी भाड्याची, इतके हे साधे आहे. या हिशेबाला परदेशातही दाखला आहे. अमेरिकेतील ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ साली क्लाउडपोटी सुमारे ३२ लाख डॉलर भरले, नंतर स्वतःची यंत्रे घेऊन आपला स्थिर भार त्यांवर हलवला आणि खर्चात मोठी बचत केली. त्या कंपनीला समाजवादाशी काही देणेघेणे नाही. तिने फक्त बेरीज केली.

सहकाराचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या सर्वस्वी निष्कारण नाहीत. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्याच परिसरात पुढे मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था उभी राहिली. खेड्यापाड्यांत वीज वाटणारी ती संस्था थकबाकीत रुतली आणि २०११ साली वितरणाचे काम तिच्या हातून गेले. सहकारी सर्व्हर संस्थेने हा धडा पहिल्या दिवशीच गिरवावा. भाडे वेळेवर न भरणारा सभासद कितीही वजनदार असो, त्याला सवलत नाही. यंत्रणेवर पुढाऱ्याचा पुतण्या नव्हे, परीक्षा घेऊन नेमलेला तंत्रज्ञ. त्याला नियमित वेतन, आणि रात्री जागे राहण्याचा वेगळा मोबदला, कारण ९९.९९ टक्क्यांचे वचन शेवटी कोणाच्या तरी झोपेतून फेडले जाते. सेवा किती वेळ बंद पडली आणि का पडली, याचा अहवाल दरमहा सर्व सभासदांपुढे. प्रतींची तालीम वर्षातून दोनदा, त्रयस्थ तपासनिसासमोर. सहकार बुडतो तो सहकारी असल्यामुळे नव्हे. हिशेब अंधारात ठेवल्यामुळे बुडतो.

या उपक्रमाला राज्याकडून चार गोष्टी मिळाल्या पाहिजेत. सवलती घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने आपल्या क्षमतेचा ठरावीक भाग लघुउद्योगांच्या आणि सहकारी संघांच्या वापरासाठी नियंत्रित दराने राखून ठेवावा. आपला डेटा प्रमाणित स्वरूपात, शुल्काशिवाय आणि ठरलेल्या मुदतीत बाहेर नेण्याचा हक्क भारतीय ग्राहकाला कायद्याने मिळावा. पूर्वसूचना आणि सुनावणीखेरीज कोणाचीही सेवा खंडित होऊ नये. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व जोडारी यांच्या जोडीने सर्व्हर चालवणारे हातही घडावेत, म्हणजे भाईंदरच्या मुलाला आपल्याच शहराची यंत्रे सांभाळण्याचे काम मिळेल. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पाणी, वीज आणि कूळहक्क यांबाबत या राज्याने जे कधीच मान्य केले, तेच नव्या साधनाला लावायचे आहे.

उत्पादनाचे साधन कोणाच्या मालकीचे, हा जुना प्रश्न कालबाह्य झाल्याचे वारंवार जाहीर केले जाते. गिरणीचा साचा गेला, भोंगा थांबला, म्हणून प्रश्न संपला असे नाही. तो थंड हवेच्या, खिडक्या नसलेल्या इमारतीत जाऊन बसला आहे. संघ उभारण्याचा निर्णय भाईंदरच्या गाळेधारकांनी पुढच्या दिवाळीची गर्दी दारात येण्याआधी घ्यावा. गर्दीत गाडी पकडायची तर फलाटावर आधी उभे राहावे लागते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही.